उजव्या डोळ्याने पाहिलेला कोट

"काढा म्हणतेय ना तो कोट, वन्सं!"

"नाही काढत. थंडी वाजतेय मला."

"घरात कसली थंडी? खिडक्या बंद आहेत, दोन दोन पांघरुणं आहेत."

"ती तुझ्या पायांवर आहेत. माझ्या नाहीत."

"मग घ्या यातलं एक, आणि कोट इकडे द्या. मी नुसता बघते."

"नुसता बघते म्हणे! अगं, सगळी नोकरी फुकटे पकडण्यात गेली माझी. माणसानं खिशात हात घातला की कळायचं मला, तिकीट निघणार की थाप. तू कोट घेणार, उजेडाला धरणार, मान खाली घालणार आणि नाकाला लावणार. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? वाकायचं नाही, मान खाली नाही, सुई तर तपासणी होईपर्यंत नाहीच नाही."

"मान वर ठेवून बघीन."

"आधी मान वर ठेवून डोळ्यात थेंब घालून दाखव. ते जमेना, आणि निघाली कोट बघायला!"

कोट मागणाऱ्या बाईंना सगळी गल्ली रफूताई म्हणायची. उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डाव्याची पाळी पुढे होती. कोट न देणाऱ्या त्यांच्या नणंदबाई, बसमधून निवृत्त झालेल्या कंडक्टर. रफूताईंचे यजमान गेल्यापासून दोघींची घरं वेगळी होती, पण दुखणं कुणा एकीच्या घरी आलं की दुसरी पिशवी भरून हजर. या वेळी वन्सं आल्या त्या बसमध्ये चढल्यासारख्याच. आल्या आल्या पाण्याची बादली रफूताईंच्या हातातून गेली, फोडणी आणि कांदा चिरणं वन्संकडे गेलं, लेसचे बूट पलंगाखाली गेले. आंघोळ गळ्याच्या खाली. तोंड ओल्या फडक्यानं, तेही डोळा सोडून. केस धुवायचे तर मान मागे टाकून, आणि पाणी वन्संच्या हातून. रात्री डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवायची आणि डाव्या कुशीवर झोपायचं. शिंक आली तर वन्संचा चेहरा असा व्हायचा, की शिंक परत जायची.

बाकी सगळं रफूताई निमूट करत होत्या. थेंब तेवढा जमत नव्हता. स्वतःच्या हातानं घातलेला पहिला थेंब गालावर पडला, दुसरा कानात.

"कान बरा झाला असेल एव्हाना," वन्सं म्हणाल्या होत्या.

पट्टी निघाल्यावरची सकाळ मात्र नुसती मजेची गेली. रफूताई काळा चष्मा वर करून घरभर बघत सुटल्या. आधी स्वतःचे हात दिसले. "अगं बाई, हे कुणाचे?" मग भिंतीवरचा डाग, मग कपाटाची तडा गेलेली मूठ. मोरीतल्या बादलीपाशी तर त्या थबकल्याच.

"वन्सं, ही बादली निळी आहे?"

"मग काय वाटलं तुला?"

"राखाडी. इतकी वर्षं मी राखाडी बादलीत कपडे भिजवले."

दोघी पोट धरून हसल्या. लगेच वन्संनी दटावलं, "हळू. हसतानाही बेतानं."

आणि मग दूध आणायला निघताना वन्संनी तो गडद निळा कोट अंगात चढवला आणि खुंटीवरची पिशवी काढायला हात वर केला. कोपर नेमकं रफूताईंच्या तोंडासमोर आलं. निळ्या बाहीवर एक जाडजूड तपकिरी सुरवंट बसलेला होता.

झटकायला म्हणून त्यांनी हात पुढे केला. सुरवंट हलला नाही. बोटाखाली ओळखीची वीण लागली, स्वतःच्याच हातची. रफूताईंनी उजवा डोळा मिटला. डाव्या डोळ्याला बाही आणि दोरा अगदी एकजीव दिसत होते, कुठे काही नाही. त्यांनी डावा मिटून उजवा उघडला. सुरवंट परत हजर.

तिथून ते भांडण पेटलं होतं.

कारण रफूताईंची एक रीत होती, आणि त्या रीतीवर त्यांचं नाव उभं होतं. कपडा परत देताना त्या घडी उलगडून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, "शोधा." कुठे फाटलं होतं ते बोट ठेवून दाखवायचं. सापडलं तर पैसे द्यायचे नाहीत. खिडकीतल्या खुर्चीत बसून त्यांनी कोटांच्या कोपरांना, शालींना, कुणाच्या लग्नातल्या जपलेल्या सुटाला असा दोरा भरला होता, की मालक बाही चाचपत उभे राहायचे आणि शेवटी हसत खिशात हात घालायचे. अलीकडे दोऱ्याची रिळं पारखायला जरा वेळ लागायचा. रफूताई ते ढगाळ हवेवर ढकलायच्या. तरी एकालाही रफू सापडलं नव्हतं. तीच तर त्यांची खात्री होती, की डोळा गेला असेल, पण हात शाबूत आहे.

दारावर थाप पडली. पलीकडचा इस्त्रीवाला तब्येतीची चौकशी करायला आला होता.

"कसं काय ताई? दिसतंय ना आता?"

"दिसतंय," रफूताई म्हणाल्या. "तुमचा स्वेटर निळा आहे."

"हो, निळाच की," असं म्हणत त्यानं हातातलं कपड्यांचं गाठोडं पोटाशी आवळून धरलं.

"गाठोडं खाली ठेवा."

"राहू दे. थंडी वाजतेय."

"आज सगळ्यांनाच थंडी! ठेवा खाली."

त्यानं वन्संकडे पाहिलं. वन्सं छताच्या पंख्याकडे बघत होत्या. गाठोडं खाली आलं, आणि पोटावर तळहाताएवढा तपकिरी चौकोन निघाला.

"मी तुम्हाला 'शोधा' म्हटलं होतं ना?"

"म्हटलं होतं. मी शोधलंही. नाही सापडलं."

"पोटावर होतं!"

"आता पोट माझंच ताई, मला कुठून दिसणार?" तो दाराकडे सरकला. "पैसेही दिले होते मी, आठवतंय ना? चला, इस्त्री तापत ठेवून आलोय."

तो गेला. रफूताई खुर्चीत बसल्या.

"वन्सं, मी लोकांच्या अंगावर ठिगळं लावली हो. आणि वर ऐटीत शोधा म्हटलं. माझा दोऱ्याचा डबा कुठे आहे?"

"कपाटावर."

"उतरवा. आजच्या आज उसवते हा कोट. मग एकेकाला बोलावून घेते."

"आणि डोळा लाल झाला, दुखायला लागला, तर रिक्षा करून दवाखान्यात मी पळायचं. अजून एक डोळा व्हायचाय तुझा. हा घालवून बसलीस तर कोट काय, बादलीही दिसायची नाही."

"एक बाही तर आहे!"

वन्संनी एकदम घड्याळाकडे पाहिलं. "थेंबाची वेळ झाली. स्वतःच्या हातानं घालून दाखव. एका थेंबात. मग कोटाचं बोलू."

त्यांना खात्री होती, थेंब कानात जाणार.

रफूताईंनी साबणानं हात धुतले, स्वच्छ रुमालाला पुसले. बाटलीचं झाकण काढून रुमालावर ठेवलं. खुर्चीत मागे रेलल्या, छताकडे पाहिलं, एका बोटानं खालची पापणी ओढली. बाटली डोळ्यावर आली आणि थरथरू लागली.

त्या थांबल्या. आयुष्यात त्यांनी सुई कधी अधांतरी ओवली नव्हती. हाताला टेकू दिल्याशिवाय सुईचं छिद्रही स्थिर राहत नाही. मग बाटली तरी अधांतरी कशाला? त्यांनी मनगट कपाळावर टेकवलं. थरथर गेली. बाटलीचं टोक पापणीला न लागता वर थांबलं, आणि एक थेंब सरळ आत पडला.

"गार आहे," त्या म्हणाल्या.

वन्संनी टाळी वाजवायला हात उचलले. मग काय कबूल केलंय ते आठवून ते तसेच खाली घेतले.

रफूताई डोळे मिटून बसल्या होत्या. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट हलकेच दाबलेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, असंच थोडा वेळ बसायचं. मिटल्या डोळ्यांपुढे त्यांना तो कोट दिसायला लागला, पहिल्यांदा रफू करून दिला तेव्हाचा. वन्सं याच खुर्चीसमोर उभ्या होत्या. बाही उलट करून पाहिली, सुलट करून पाहिली. पत्त्यांत, वादात, सुट्ट्या पैशांच्या भांडणात जी बाई कधी मागे सरली नाही, भावाशी लहानपणी लावलेली पैज म्हातारपणी जिंकून आली, ती खिडकीशी जाऊन परत आली होती आणि म्हणाली होती, "हरले बाई वहिनी. नाही सापडत."

तो शब्द वन्संच्या तोंडून रफूताईंनी त्याआधी कधी ऐकला नव्हता. नंतरही नाही.

त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. मग खांदे हलायला लागले.

"बेतानं हस," वन्सं गुरकावल्या. "आणि कोट मागू नकोस लगेच."

"नाही मागत. तपासणी होईपर्यंत राहू दे तुमच्या अंगात. डबाही राहू दे वरच." रफूताईंनी डोळे उघडले. "फक्त एक सांगा. तेव्हा तुम्ही बाही घेऊन खिडकीशी गेला होतात, चांगल्या लख्ख उजेडात. तुम्हाला ते दिसलं होतं ना?"

वन्संनी रुमालावरचं झाकण उचललं, बाटलीला घट्ट बसवलं, बाटली जागेवर ठेवली. काळा चष्मा वहिनीच्या नाकावर चढवला, दोन्ही कानांमागे नीट अडकवला.

"बोला की."

वन्संनी कोटाची बटणं लावली, अगदी गळ्यापर्यंत. दुधाची पिशवी घेतली, कोपर वहिनीच्या बाजूला येणार नाही अशा बेतानं तिरक्या तिरक्या दारापर्यंत गेल्या, आणि बाहेर पडल्या.