तिसऱ्या गिअरमध्ये

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी आणि माझी बायको एका जुन्या डिझेल व्हॅनमधून वर्धा जिल्ह्यातले आठवडी बाजार करायचो. तयार कपड्यांचा धंदा. मागे कपड्यांचे गठ्ठे, त्यांच्यावर फळ्या टाकून केलेला बिछाना, दाराशी स्टोव्ह. बोरगाव मेघेला आमच्या दोन खोल्या होत्या, पण तिथे बहुतेक कुलूपच असायचं.

गाडी भरवशाची, फक्त आवाज फार. डांबरी सडकेवर टॉप गिअर टाकला तरी पन्नासच्या पुढे इंजिन नुसतं किंचाळायचं. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर ओरडावं लागे, म्हणून आम्ही बोलतच नसू. बायको खिडकीकडे तोंड करून बसायची आणि तिचे ओठ हलत राहायचे. देवाचं नाव घेत असेल, असं मी धरून चाललो होतो.

पुलगावच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला मी एकदा गाडी दाखवली. त्याने ती नाचणगावपर्यंत चालवून आणली.

"इंजिनले काही झालं नाई," तो म्हणाला. "मांगच्या ॲक्सलमधली दात्यांची जोडी वझं ओढाची हाय. चाकाच्या एका फेऱ्याले इंजिनले लय फेरे घ्या लागते. दुसरी जोडी टाकतो, आरामात चालन. पण चढावर ताकद कमी पडन, मंग मले बोल लावू नका."

भंगारात निघालेल्या एका गाडीची जोडी आणून त्याने बसवली. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी आम्ही देवळीच्या बाजाराला निघालो. टॉप टाकला आणि इंजिनाचा आवाज एकदम खाली आला, ते नुसतं घुमल्यासारखं चालू लागलं. आता बायकोशी दोन गोष्टी बोलता येतील, म्हणून मला खरंच आनंद झाला. काय बोलावं ते मनात जुळवत होतो, तेवढ्यात तिचा आवाज ऐकू आला.

"हे पाय बाई, पऱ्हाटी फुटली. कापूस कसा पांढरा पांढरा! थे तिकडे बैल चरून राह्यले, दिसले का तुले? आता देवळी येईन."

ती आमच्या मुलीशी बोलत होती. मुलगी अकरा महिन्यांची असताना तापात गेली, त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती. घरात तिचा विषय काढायचा नाही, हे मीच ठरवलं होतं. बायकोला त्रास नको म्हणून, असं म्हणायचो. खरं तर मलाच सोसवत नव्हतं.

मी मान वळवली नाही. तरी तिला कळलं. पुढचं वाक्य अर्ध्यात तोडून तिने पदर तोंडाला लावला.

त्यानंतरचे तीन बाजार ती ओठ मिटून बसली. नीट जेवेना, गिऱ्हाइकाला माप विचारायचं विसरू लागली. चौथ्या खेपेला, सेलूच्या सडकेवर, मी टॉप टाकलाच नाही. तिसऱ्या गिअरवरच गाडी दामटली. इंजिन पुन्हा पहिल्यासारखं ओरडू लागलं.

"टॉप काऊन नाई टाकून राह्यले?" ती माझ्या कानाशी ओरडली.

"राहू दे. घाई कायची हाय?"

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. मग खिडकीकडे वळली. सेलू यायच्या आत तिचे ओठ हलू लागले.

पुढे ती सोबत असली की मी तसंच चालवायचो. डिझेल जास्त जळायचं. आपली मेहनत वाया घालवली म्हणून मिस्त्री चिडला. मी ऐकून घेतलं. बायकोपासून हातभर अंतरावर बसून मी गाडी हाकायचो, आणि माझी मुलगी आज काय काय पाहते आहे ते मला ऐकू येत नसे.

दोनेक वर्षांनी एकदा पुलगावच्या रेल्वे फाटकावर थांबावं लागलं. इंजिन बंद केलं. दुरून मालगाडी येताना दिसली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "थे पाय बाई, मालगाडी."

बायको दचकली. मला वाटलं, आता रडेल. पण शेजारणीला सांगावं तितक्या साध्या आवाजात ती म्हणाली, "तिले नाई आवडत रेलगाडी. भेते ते."

मला हे माहीत नव्हतं. मी "बरं" म्हणालो आणि वाकून तिच्या बाजूची काच वर केली.