हलकी सॅक

काटेवाली मावशी स्वतः कधी डोंगर चढली नाही. घराचा जिना चढतानाही ती मध्ये थांबून कठड्याशी दोन गोष्टी बोलून घ्यायची. पण डोंगरावर जाणाऱ्यांची सॅक भरावी तर तिनेच, हे सगळ्यांनी मान्य केलेलं होतं.

घराची खालची खोली म्हणजे दुकान. एका भिंतीला भाड्याने द्यायच्या सॅका खुंट्यांना टांगलेल्या, दुसरीकडे तंबू, झोपायच्या पिशव्या, पातेली, आणि मधोमध छताच्या कडीला लोंबणारा स्प्रिंगचा काटा. त्या काट्याला सॅक अडकवली की मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहायची, आणि सॅकेचा धनी शाळेत निकाल ऐकावा तसा उभा.

"जीन्सच्या दोन पँटी?"

"मावशी, एक भिजली तर?"

"भिजली की तिचा दगड होतो. तू दोन दगड घेऊन चाललायस. काढ एक. आणि ही एवढी मोठी साबणाची बाटली? वर कोण बघणार आहे रे तुला?"

झोपायची पिशवी तळाला, जड सामान पाठीला चिकटून, हलकं बाहेरच्या अंगाला, पातेल्याच्या पोटात मोजे, पावसाळी कोट सगळ्यात वर. रिकामी जागा म्हणून ती ठेवायचीच नाही. तिचे वडील वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला होते. तिला शाळेत घातलं ते नावापुरतं, चार अक्षरं आली तशी बसवली वडिलांच्या शेजारी, पुड्यांना दोरा गुंडाळायला. हात तिथे घडला तो घडलाच.

आणि तिचा नवरा वाटाड्या. सगळे त्याला दादा म्हणत. पंचवीस-तीस जणांचं कुटुंब असावं असा त्याचा आवाज, आणि घरात माणसं मात्र दोन. एक मुलगी, ती लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायची आणि दवाखान्यात नर्स होती; दादा घरी असला की तिच्या लेकीला शाळेतून तोच आणायचा. दादाचा सगळा जीव वाटेत. कुठे पाणी मिळतं, कुठला ओढा दुपारनंतर ओलांडू नये, हे त्याच्या डोक्यात होतं, आणि आपण काही विसरत नाही याचा त्याला फार तोरा होता. लोक चष्मा विसरायचे, औषधं विसरायचे, एकजण तर बूटच विसरला आणि चपला घालून जीपमध्ये बसला. दादा ती गोष्ट प्रत्येक नव्या मंडळीला हसून हसून सांगायचा.

सामायिक सामान तोच वाटून द्यायचा. तंबूचं कापड याच्याकडे, काठ्या त्याच्याकडे, स्टोव्ह तिसऱ्याकडे. स्वतःची सॅक मात्र तो स्वतः भरायचा. मावशीला बजावून ठेवलेलं, "माझ्या सॅकेला हात लावायचा नाही. वाटाड्याची सॅक बायकोने भरली असं लोकांना कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"नाही लावत बाई," ती म्हणायची.

आणि लावायची. दादाचा उजवा गुडघा दुखायला लागला तेव्हापासून लावायची. तो गुडघ्याचं नाव काढायचा नाही, पण जिना उतरताना दर पायरीला आधी उजवा पाय खाली टाकायचा, हे बायकोपासून लपतं होय? मग निघायच्या सकाळी तो अंघोळीला गेला की ही खाली यायची, त्याच्या सॅकेतून तांदळाची पिशवी नाहीतर डब्यांची चवड काढायची, एखाद्या दांडग्या गड्याच्या सॅकेत तळाशी सरकवायची, आणि दादाच्या सॅकेत तेवढ्या जागी जुना लोकरी स्वेटर फुगवून बसवायची. मुक्कामाला सगळ्यांच्या सॅका एका जागी उघडतात. तांदूळ कुणाच्या पाठीवरून आले हे भूक लागलेला माणूस विचारत नाही. त्यामुळे आजवर काही म्हणजे काही उघडकीला आलं नव्हतं.

दादा अंघोळ करून यायचा, सॅक एका हाताने उचलून खांद्यावर टाकायचा आणि म्हणायचा, "बघितलंस? कापसासारखी वाटते मला. आजकालच्या पोरांना हे जमायचं नाही."

"नजर लागेल," मावशी म्हणायची आणि पाठ फिरवून हसायची.

त्या खेपेला मंडळी पाच होती, शिवाय दादा आणि आचारी. तांदूळ, डबे सगळं आदल्या दिवशीच वाटून झालेलं, दादाच्या वाट्याला त्यातलं काही नव्हतं. सकाळी मावशीने दादाची सॅक काट्याला लावली आणि काटा भलताच खाली गेला. मुक्कामाच्या मोठ्या तंबूच्या काठ्या या शहाण्याने स्वतःकडे ठेवल्या होत्या, झोपायच्या पिशवीच्या खाली. तिने ती काठ्यांची पुरचुंडी काढली. आता कुणाला द्यायची? मंडळींत एक दातांचा डॉक्टर होता, दार भरून उभा राहील असा, नव्याकोऱ्या बुटांतला. सॅक इथलीच, भाड्याची. तिने काठ्या त्याच्या सॅकेच्या तळाशी घातल्या. मुक्कामाला सॅक उघडली की ओरडेलच, 'अरे, काठ्या माझ्याकडे आहेत.' झालं मग.

दादा आला, सॅक उचलली, कापसाचं बोलून झालं, आणि जीप गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दातांचा डॉक्टर दुकानाच्या दारात उभा. पायात बूट नाहीत, हातात बूट.

"मावशी, टाचा गेल्या हो. पहिल्याच चढाला. दादा म्हणाले, परत जा. रात्र पायथ्याच्या गावात काढली. लाज वाटते सांगायला."

"लाज कसली? बसा. नवे बूट घालून डोंगरात जाणारे तुम्ही पहिले नाही." तिने पातेलंभर कोमट पाणी आणून घमेल्यात ओतलं, त्याचे पाय त्यात बुडवले. "सामायिक सामान दिलंत ना त्यांच्याकडे?"

"दिलं की. डाळ, गॅसची टाकी, दोरी. दादांनी सांगितलं तेवढं सगळं काढून दिलं."

तो गेल्यावर मावशीने सॅक धुवायला म्हणून उलटी केली, आणि काठ्या खळकन फरशीवर पडल्या.

ती तिथेच खाली बसली. मंडळींचे आपापले छोटे तंबू होते, त्यांना काही व्हायचं नव्हतं. मोठा तंबू दादा आणि आचाऱ्याचा. आकाश सकाळपासून शाईसारखं झालेलं. दादाला फोन लावला, तो लागणार नव्हताच. मग डोंगराच्या पायथ्याशी जी चौकी असते तिथे लावला.

"मंडळी काल सकाळीच वर गेली," चौकीवाला म्हणाला. "काय झालं? कुणी आजारी?"

"नाही, तंबूच्या काठ्या खाली राहिल्यात."

"काठ्या? मावशी, मला वाटलं काही बरंवाईट झालं. आता या हवेत वर कोण जाणार? मी पाऊस थांबवू का?"

तिने काठ्या पदराखाली घेतल्या, जीपच्या अड्ड्यावर गेली. जीपवाल्याने त्या बघितल्या, तिच्याकडे बघितलं. "तासाभरापूर्वी दरड आलीय रस्त्यावर. मोकळा होईपर्यंत कुणीच जात नाही. घरी जा, भिजताय."

मुलगी संध्याकाळी दवाखान्यातून आली तेव्हा आई दुकानात काट्याखाली बसलेली. सगळं ऐकून मुलगी आधी भडकलीच. "तुझा हात स्वस्थ बसतच नाही ना आई? बाबांना सरळ सांगायचं, गुडघा गेलाय, ओझं उचलू नका."

"सांगून बघ तू."

मुलीनेही सांगून बघितलेलं होतं.

पुढचे दिवस मावशीने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. पाऊस पत्र्यावर वाजला की ती उठून उभी राहायची, जसं काही उभं राहिल्याने वर कुणाला आडोसा मिळणार होता. आयुष्यभर लोकांच्या पाठीवर काय असावं, काय नसावं हे तिने ठरवलं, आणि आता एक मोजा वर पोचवायचा म्हटलं तरी तिच्या हातात नव्हतं.

ठरलेल्या दिवशी जीप आली. मंडळी खुशीत होती, फोटो दाखवत होती. आचारी खोकत उतरला आणि म्हणाला, "वहिनी, पगार वाढवा. दोन रात्री मी तंबूची काठी झालो होतो. डोक्यावर कापड धरून बसलो, एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला दादा."

सगळे हसले. दादा हसला नाही. तो जीपच्या दाराला धरून उतरला, आणि आधी कुठला पाय टाकावा हेच त्याला कळेना. दोन्ही दुखत होते.

घरात आल्यावर मावशीने गुडघ्याला शेक दिला. काठ्या आतल्या खोलीत पिठाच्या डब्यामागे होत्या. आता सांगते, मग सांगते, असं तिचं चाललं होतं, तोच दादा म्हणाला, "काठ्या मी विसरलो."

"अहो..."

"मी. लोकांच्या बुटांच्या गोष्टी सांगणारा मी. मला अगदी डोळ्यांसमोर दिसतंय, मी त्या सॅकेत घालतोय. आणि घातल्याच नाहीत. म्हणजे डोकं मला नसलेलं दाखवायला लागलंय."

खरं तर तेव्हाच बोलायला हवं होतं. पण माणूस जिवंत घरी आला होता, चहाचा कप हातात धरून बसला होता, आणि मावशीच्या मनात एक लबाड विचार येऊन गेला, की आता हा जायचा थांबेल. एवढी वर्षं जे हातापाया पडून झालं नाही ते फुकट होतंय, तर होऊ दे. ती शेक देत राहिली.

थांबला तो. पुढच्या मंडळींना त्याने स्वतः फोन केला. "दुसरा वाटाड्या बघा. माझा आता भरवसा नाही." हे म्हणताना त्याचा तो मोठा आवाज इतका लहान झाला होता, की पलीकडच्याने दोनदा 'काय?' विचारलं.

पण ते तेवढ्यावर थांबेना. गॅस बंद केला की तो परत जाऊन बघायचा. बाजारात निघाला की खिसा चाचपायचा, किल्ली, पैसे, परत किल्ली. कुणी वाट विचारली की "मला नक्की आठवत नाही" म्हणायचा, त्याच वाटेची, जी तो झोपेत चालला असता. आणि एके दिवशी मुलीला म्हणाला, "नातीला शाळेतून आणायचं तू बघ काहीतरी. मी नको. कुठे उभं करून विसरलो तर?"

त्या संध्याकाळी मावशी काठ्या घेऊन त्याच्यासमोर येऊन बसली.

"या मी काढल्या. तुमच्या सॅकेतून. डॉक्टरच्या सॅकेत मी घातल्या."

त्याने काठ्या हातात घेतल्या, उलटसुलट केल्या. "या होत्या कुठे?"

"सांगतेय ना. परत आलेल्या डॉक्टरच्या सॅकेत."

"मग मीच घातल्या असतील त्याच्याकडे, आणि विसरलो असेन."

"अहो, मी! तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा. मी नेहमीच काढते. तुम्हाला कापसासारखी लागते ती कशामुळे?"

त्याने काठ्या खाली ठेवल्या. मग हळूच म्हणाला, "नेहमी?"

"गुडघा धरल्यापासून."

"मागच्या साली त्या मोठ्या खिंडीत? कॉलेजची पोरं खाली धापा टाकत होती आणि मी वरून हाका मारत होतो, तेव्हा?"

ती खिंड. त्या खिंडीची गोष्ट त्याने वाण्याला सांगितली होती, दूधवाल्याला सांगितली होती, दवाखान्यात मुलीच्या सगळ्या मैत्रिणींना सांगितली होती. त्याच्या चेहऱ्याकडे मावशीने बघितलं. त्याच्याकडून काढून घ्यायला आता एवढंच उरलं होतं.

"नाही," ती म्हणाली. "तेव्हा नव्हतं काढलं."

त्याने मोठा श्वास सोडला, आणि लगेच मान हलवली. "मग? तेव्हा नाही काढलंस, एवढा मोठा चढ होता तेव्हा, आणि या साध्या वाटेला काढशील? माझी समजूत घालतेस होय गं?" त्याने तिच्या हातावर हात ठेवला. "बरी आहेस तू. पण असं खोटं नको बोलूस. विसरलो ते विसरलो."

तिने मुलीला फोन लावून दिला. मुलगी म्हणाली, "बाबा, आई खरं बोलतेय." तो हसून म्हणाला, "तू तिथे होतीस का?" मुलगी तिथे नव्हती. डॉक्टरला विचारलं तर डॉक्टर म्हणाला, तळ मी उघडलाच नाही, कुणी घातल्या देव जाणे. कुणी बघितलं नव्हतं. कुणी बघू नये अशीच तर तिने एवढी वर्षं काळजी घेतली होती.

हल्ली दादा दुकानात स्टुलावर बसून असतो. नवी मंडळी येतात, मावशी सॅका भरून देते, आणि तो मध्येच विचारतो, "सगळं घातलंस ना? परत एकदा बघ." ती परत एकदा बघते. दिवेलागणीला दुकान बंद करायचं तेव्हा कुलूप तो लावत नाही, तिलाच लावायला सांगतो आणि दोन पायऱ्या खाली उभा राहतो.

"लागलं नीट?"

ती कुलूप धरून जोरात ओढते, त्याला ऐकू जाईल असं.

"लागलं."

"परत एकदा ओढ गं."

ती ओढते.