सोनबा मिस्त्रीचा धोटा

मोटारीच्या धंद्यात किस्से ग्रीससारखे अंगाला लागतात. कितीही धुवा, निघत नाहीत! त्यातून आमचं लकडगंजचं गॅरेज. लढाई संपून लिलावात आलेल्या लष्कराच्या खटारा गाड्या आमच्याच दारात येऊन मरायच्या. त्यांना उठवायचे सोनबा मिस्त्री.

सोनबा उमरेडच्या विणकराघरचे. माग सुटला, पण आडवा धागा ओढणारा वडिलांचा लाकडी धोटा त्यांनी सोडला नाही. चाक जॅकवर घ्यायचं, फिरवायचं, धोट्याचं एक टोक चाकाच्या मधोमध हबला, दुसरं कानाला! कन्हानच्या एका कोळशाच्या ट्रकचा ड्रायव्हर म्हणाला, "काहीच आवाज नाही जी."

"चाक रडून राहिलं, अन् तुले ऐकू येत नाही?"

उघडलं, तर बेरिंग फुटायला आलेलं!

*

एका पहिलवान ड्रायव्हरने बेरिंगचा नट स्वतःच आवळला, अगदी जीव खाऊन. कामठीपर्यंत चाक असं तापलं, की ग्रीस पाण्यासारखं गळलं. गाडी ओढत आणली. सोनबा भडकले.

"बायकोले बांगडी भरताना हात मोडतं का गा? बसली पाहिजे, अन् फिरली बी पाहिजे!"

पुढे आम्ही सगळेच नट आवळताना बांगडी आठवू लागलो.

*

त्यांचा एक नेम होता. ज्या चाकात हात घातला, पहिल्या फेरीला त्याच चाकाच्या वरच्या जागेवर बसायचं. एकदा गाडीत मिरचीची पोती होती. गॅरेजचे मालक म्हणाले, "आज राहू द्या." ऐकतील तर सोनबा कसले! संध्याकाळी लाल डोळ्यांनी परतले.

"चाक एक शब्द बोललं नाही. साऱ्या रस्त्यानं मीच शिंकून राहिलो!"

अशा माणसावर जीव जडणारच.

*

मग त्यांचे कान गेले. मालक मला हळूच म्हणाले, "गाडीत माणसं बसतात बापा. आता दुसरा मिस्त्री पाहा लागते." मला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात रामटेकची बस आली. सोनबांनी नवं बेरिंग बसवलं, चाक फिरवलं आणि धोटा कानाला न लावता दातात धरला! मालक बघतच राहिले. सोनबांनी डोळे मिटले, मान हलवली.

"खरखर आहे. दाताले लागून राहिली."

पुन्हा सगळं उघडलं. ग्रीसमध्ये रेतीचा एक कण! मालकांनी तो बोटांत चोळून पाहिला. आणि तडक घरी गेले.

सोनबांनी बेरिंग धुतलं, पुसलं, नवं ग्रीस भरून बसवलं. पुन्हा दातात धोटा. या वेळी हसले. नेमाप्रमाणे आपल्या चाकावरच्या जागेवर बसायला बसमध्ये चढले, तर तिथे मालकांची म्हातारी आई पानाचा डबा मांडीवर घेऊन बसलेली! शेजारी सून, तिच्या मांडीवर नातू. पुढे ड्रायव्हरजवळ मालक.

सोनबा खाली उतरले, मालकांच्या खिडकीशी गेले. बहिरा माणूस, सगळ्या लकडगंजला ऐकू जाईल असं ओरडले, "अन् मी कुठं बसू गा?"

मालकांनी खिडकीतून हात काढला आणि गॅरेजमधल्या सोनबांच्या नेहमीच्या जागेकडे बोट दाखवलं.