शेऱ्याचा रकाना

किसनराव नरवाडे कंट्रोलरने मला फसवलं. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा मुंबईच्या विमानतळाच्या दारात, भर दुपारी, तोंडावर. दुसऱ्यांदा मी इंग्लंडात एकटा असताना, आणि त्या वेळी त्याने माझ्या बायकोलासुद्धा सामील करून घेतलं. हे मी रागाने लिहीत नाही. म्हणजे राग आहेच, पण जे झालं तेच लिहितो आहे.

मी दुसरबीडला रस्त्याच्या कडेला शेडनेटचं दुकान चालवतो. आमच्याकडे मिरची-टोमॅटोचं बियाणं करणारे लोक शेतात हिरव्या जाळीचे मांडव घालतात, ती जाळी, ते पाइप, ती तार मी विकतो. चौथी शिकलो. डोक्यावर वांग्याची पाटी घेऊन बीबी गावचा बाजार केला, तिथून इथवर आलो. समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहिलं की तो कितीवर येणार हे मला कळतं. मला फसवलेला माणूस या भागात सापडणार नाही, असं मी चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही.

कंट्रोलरची पहिली भेट भांडणातच झाली. तालुक्याच्या एसटी स्टँडवर तो वाहतूक नियंत्रक होता. खिडकीमागे बसून भोंग्यावर गाड्या पुकारायचा. मी तेव्हा विशीत होतो. सुलतानपूरहून येणारी गाडी दोन तास आली नव्हती, पाट्यांमधली मेथी माना टाकत होती, आणि मी खिडकीत तोंड घालून त्याचा उद्धार करत होतो. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग माइक उचलला आणि खिडकीतून माझ्यापुढे धरला.

"घ्या शेठ. गाडी काऊन नाही आली, तुमीच सांगा लोकाइले."

माइक चालू होता. माझा श्वास सगळ्या स्टँडवर ऐकू येत होता. शंभर माणसं माझ्याकडे पाहत होती आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्याने माइक परत घेतला, बंद केला आणि हळूच म्हणाला, "ओरडाले हिंमत लागत नाही बे. भेव वाटत असताना नीट बोलाले लागते."

त्या दिवसापासून तो मला 'शेठ' म्हणू लागला. माझ्याकडे तेव्हा अंगावरचा सदरा आणि दोन पाट्या होत्या.

तो स्वतः फार भित्रा माणूस होता, हे मला पुढे कळलं. रस्ता ओलांडायचा तर तीनदा मान फिरवायचा. बसमध्ये नेहमी दाराजवळ बसायचा. कुठे जायचं तर दोन तास आधी पोचायचा. गावात पत्ता विचारायचा झाला तरी तीन जणांना विचारायचा. "एकाले इचारलं तर रस्ता भेटते, दोघाले इचारलं तर वाद भेटते, तिघाले इचारलं तर खरं भेटते," असं त्याचं म्हणणं. लोक हसत. पण त्याच्या हाताखालची गाडी कधी चुकीच्या फलाटाला लागली नाही. "भेलेला माणूसच नीट पोचते शेठ. न भेणारा मधातच उतरते."

निवृत्त होऊन तो दुसरबीडला राहायला आला तेव्हा आमची रोजची बैठक सुरू झाली. दुकान उघडलं की तो समोरच्या बाकड्यावर यायचा, मोबाइल काढायचा आणि इंग्लंडच्या रेल्वेचे व्हिडिओ लावायचा. आमच्या भागात रेल्वे नाही. रूळ पाहायचे तर जालन्याला जावं लागतं. आणि हा माणूस तासन्‌तास त्या परक्या गाड्यांची दारं उघडताना आणि मिटताना पाहायचा.

"पाह्य शेठ, पाह्य. काटा बारावर आला अन् गाडी हालली. पस्तीस वर्सं मी लोकाइच्या शिव्या खाल्ल्या. मिनिटाले सुटणारी गाडी एक डाव डोयानं पाहाची आहे. चाल संग."

मी हो म्हणालो. बाजारात कोणी काही बोललं की हो म्हणायचं आणि वेळ मारून न्यायची, ही माझी सवय. मला वाटलं, हे बोलणं चहाबरोबर संपेल. दुसऱ्या दिवशी तो नवं कोरं रजिस्टर घेऊन आला.

त्याने रजिस्टर स्टँडवरच्यासारखंच आखलं होतं: आगमन, निर्गमन, फलाट आणि शेवटी शेरा. लंडन, यॉर्क, एडिनबरा, मँचेस्टर, परत लंडन. दहा दिवस. दोन गाड्यांच्या मध्ये त्याने कुठे अडीच तास ठेवले, कुठे तीन. मी म्हणालो, "साहेब, तिथं दर अर्ध्या तासाने गाडी असते म्हणता, मग एवढा वेळ कशाला?"

"अन् पयली पंक्चर झाली तं?"

"रेल्वे पंक्चर होत नाही."

"तुले कोनं सांगतलं? किती जनाले इचारलं?"

शेवटच्या गाडीने जायचं नाही, हा त्याचा दुसरा नियम. शेवटची चुकली तर मुक्काम रस्त्यावर. म्हणून रजिस्टरभर शेवटच्या आधीच्या, आणि तिच्याही आधीच्या गाड्या होत्या.

तो आखत गेला तसतशी माझी झोप उडत गेली. खरं सांगतो, मी आयुष्यात इतका कशालाही घाबरलो नव्हतो. जिथे भाव ठरलेला असतो तिथे मी मुका. जिथे चेहऱ्यावरून काही कळत नाही तिथे मी आंधळा. इंग्रजी पाटी म्हणजे मला भिंतच. जेवताना अर्धी भाकरी ताटातच राहायची. मंदा, माझी बायको, म्हणायची, "नका जाऊ मग." तसं म्हणाली की मी तिच्यावर ओरडायचो. एक मात्र धीर होता की कंट्रोलर बरोबर आहे. त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मी इंग्लंड पार केलं असतं.

कागदपत्रं, तिकिटं सगळी त्याच्याकडे. व्हिसाच्या कचेरीत गेलो तेव्हा तो नेहमीप्रमाणे दोन तास आधी जाऊन बसला होता. मी पोचलो तर म्हणाला, "महं झालं. तुहा नंबर बाकी आहे." मी विश्वास ठेवला. दोन तास आधी येणाऱ्या माणसाचं काम आधी होणारच. सडकी मिरची वासावरून ओळखणारा मी, मला यात काही वास आला नाही. त्या दिवसांत तो जिना चढताना मध्येच थांबून खिशातलं काहीतरी शोधायचा. तेही मी पाहिलं होतं.

विमानतळाच्या दारात शिपाई तिकीट तपासत होता. कंट्रोलरने माझं तिकीट माझ्या हातात दिलं, पासपोर्ट दिला, रजिस्टर दिलं आणि बाजूला सरकला.

"तुमचं?" मी म्हणालो.

"महं नाही."

"म्हणजे?"

"काढलंच नाही. डाक्टरनं विमानाले नाही सांगतलं. दिवाईच्या आधीच सांगतलं."

म्हणजे सहा महिने हा माणूस स्वतः न करायच्या प्रवासाच्या गाड्या आखत होता. मी म्हणालो, मी जात नाही, चला परत. आणि बरंच बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. लोक थांबून पाहायला लागले. त्याने ऐकून घेतलं. अगदी पहिल्या दिवशीसारखं.

"चाल मंग वापस," तो म्हणाला. "गावात सांगतो, गुलाबशेठ दरवाज्यापर्यंत आला होता. गुलाबशेठ आत जाले भेला."

माझं डोकंच फिरलं. मी शिपायापुढे तिकीट आदळलं आणि आत गेलो. मागून स्टँडवरचा तो जुना आवाज आला, भोंग्याशिवाय: "लंडनकडे जाणारी गाडी फलाटाला लागली आहे हो! प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात!" शिपाई हसत होता. काचेतून मी वळून पाहिलं तेव्हा कंट्रोलर खांबाला धरून उभा होता. मला रागात आणलं की माझी भीती जाते, हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

राग विमानात बसेपर्यंत टिकला. मग पुन्हा भीती. लंडनच्या मोठ्या स्टेशनवर मी भिंतीला टेकून उभा राहिलो. माणसं पळत होती, पाट्या बदलत होत्या, माझ्याकडे कोणी बघतही नव्हतं. मी बखोटीतलं रजिस्टर उघडलं आणि पहिल्यांदाच शेऱ्याचा रकाना नीट वाचला.

"इथं भेव वाटन. डाव्या हाताले बाकडं आहे. बस. पानी पे. मंग तिघाले इचार."

डाव्या हाताला बाकडं होतं.

व्हिडिओ थांबवून थांबवून त्याने प्रत्येक स्टेशन पाहिलं होतं. "जिना चढू नको, मागे लिफ्ट आहे." "निळ्या शर्टवाला मानूस रेल्वेचा. त्याले तिकीट दाखव, बोलू नको." "रुमाल टाकून जागा धरू नको, तिथं चालत नाही." हा शेरा मी उशिरा वाचला. यॉर्कच्या गाडीत गर्दी दिसताच मी घाबरून खिडकीतल्या जागेवर दस्ती टाकून बसलो होतो. एक पांढऱ्या केसांची बाई आली. तिने दस्ती उचलली, नीट चौपदरी घडी केली, माझ्या हातात दिली आणि शेजारी बसली. काहीतरी बोलली आणि हसली. मीही हसलो. दोन दिवसांत पहिल्यांदा.

आणि एक गोष्ट तिथेच लक्षात आली. सबंध रजिस्टरात 'आपण' कुठेच नव्हतं. बस, उठ, विचार, खा. सगळं एकाच माणसासाठी लिहिलेलं होतं.

रोज दुपारी मी त्याला फोन करायचो. पहिल्या दिवशी शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी कमी दिल्या. तो एवढंच विचारायचा, "किती वाजता सुटली?" मी मिनिट सांगायचो. तो तिकडे "हाव" म्हणायचा. चौथ्या दिवशी त्याचा आवाज बारीक होता. पाचव्या दिवशी फोन त्याच्या बायकोने, सुमनवहिनींनी उचलला. म्हणाल्या, "झोपले हायेत भाऊ. काय निरोप?"

सहाव्या दिवशीही झोपलेला होता. मी म्हणालो, औषधाने झोप येत असेल. आता मला कळतं की मला तसं समजायचंच होतं. कारण माझी भीती कमी होत चालली होती. एडिनबऱ्याला मी एकटा फिरलो, बाकड्यावर बसून समोरचा किल्ला पाहिला, एका दुकानात लोकरीच्या मफलरचा भावही पाडायला गेलो. पडला नाही, पण दुकानदार आणि मी दोघंही हसलो. तो मफलर मी कंट्रोलरसाठी घेतला.

सातव्या दिवशी मँचेस्टरला जाताना मधल्या एका स्टेशनवर माझी पुढची गाडीच रद्द झाली. फलाटावर आवाज आला. शेजारच्या शिकणाऱ्या मुलीने, ती आपल्याकडची निघाली, नागपूरची, मला अर्थ सांगितला: "काका, गाडी रद्द झाली, त्याबद्दल ते माफी मागताहेत." मी तिला दोनदा विचारलं. खरंच माफी मागताहेत? भोंग्यावर? सगळ्यांची? ती म्हणाली, हो. मग मी तिलाच मध्ये घालून अजून दोघांना विचारलं. तिघांचं एकच.

माझ्याकडे तीन तास होते. कंट्रोलरने ठेवलेले. भीती नावालाही नव्हती. मी फोन लावला आणि फलाटावर उभा राहून ओरडून बोललो, "वहिनी, साहेबांना उठवा! त्यांना सांगा, इथंही गाड्या रद्द होतात! मिनिटाचं काही खरं नाही! पण कंट्रोलर माफी मागतो आणि लोक त्याला शिव्या देत नाहीत! सांगा त्यांना, खूप हसतील!"

वहिनी म्हणाल्या, "सांगतो भाऊ."

रजिस्टरची शेवटची ओळ दुसरबीडची होती. शेऱ्यात लिहिलं होतं: "उतरल्यावर घरी जाऊ नको. आधी मह्याकडं ये. सगळं सांग." मी तसंच केलं. हातात बॅग, बखोटीत रजिस्टर, खिशात मफलर. अंगणात सतरंज्या घडी घालून ठेवल्या होत्या. आत बुद्धमूर्तीशेजारी कंट्रोलरचा फोटो होता, हार घातलेला, मेणबत्ती जळत होती. मंदा तिथेच बसली होती. माझी बायको. ती माझ्याकडे पाहीना.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. मी यॉर्कला होतो. जाण्याआधी त्याने वहिनींना आणि मंदाला बजावलं होतं: "त्याले सांगू नका. तो एकटा आहे. भेलेल्या एकट्या मानसाले वाईट खबर देऊ नये. गाडी सुटन त्याची." सगळं गाव त्याच्या मातीला गेलं. माझ्या दुकानाला दोन दिवस कुलूप होतं. मला कोणी कळवलं नाही. मी सहा दिवस हसत होतो.

कंट्रोलर, तुम्ही शेऱ्यात लिहिलं होतं, आधी माझ्याकडे ये. मी आलो. सांगायला सगळं पाठ करून आलो होतो. तुमच्या हाताखालून एकही गाडी न पुकारता सुटली नाही, आणि स्वतः गेलात तेव्हा मला सांगितलंही नाहीत. याचा जबाब तुम्ही देऊ शकत नाही, ठीक आहे. पण वहिनी, तुम्ही आहात. मंदा, तू आहेस. सहा दिवस मी फोनवर निरोप दिले, आणि तुम्ही म्हणालात, सांगतो. ते भोंग्यावरच्या माफीचं तुम्ही कोणाला सांगितलं? मला उत्तर पाहिजे. कोणाला सांगितलं?