बंद महिन्यांच्या फायली

बाबांचा कॉम्प्युटर सुरू करायचा म्हणजे बटण दाबायचं आणि स्वयंपाकघरात निघून जायचं. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊन मी परत आले तरी पडद्यावरचं ते चाक फिरतच असायचं. मला मंद गोष्टींचा फार राग येतो. नवा घेऊन देते म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं, चालून तर राहिला आहे. रायपूरच्या बुढापाऱ्यातल्या आमच्या घरात खिडकीशी ते बारा-तेरा वर्षांचं यंत्र बसलेलं असायचं, आणि सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी भुकटी रोज पुसली तरी रोज त्याच्यावर बसलेली असायची.

त्या कॉम्प्युटरवर बाबा एकच काम करायचे. आई आजारी पडली तेव्हापासून ती दिवसभरात काय काय बोलली ते संध्याकाळी टाईप करून ठेवायचे. मोठं काही नाही. भाजीवालीशी घातलेला वाद, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीला बसल्या जागेवरून दिलेला सल्ला, शेजारच्या दीदीला फोनवर सांगितलेली वांग्याची भाजी. तिच्याच शब्दांत, तिच्या वऱ्हाडी हेलासकट, जसंच्या तसं. दोन बोटांनी टाईप करायला त्यांना तास-दीड तास लागायचा. आई चार वर्षं आजारी होती, चार वर्षं हे चाललं. ती गेल्यावर लिहिणं थांबलं आणि वाचणं सुरू झालं. रोज थोडंसं, पोथी वाचावी तसं. मला ते उघडून बघायची हिंमत कधी झाली नाही. पुढे कधीतरी वाचू, घाई काय आहे, असं मी स्वतःला सांगायचे. ते तिथे आहे एवढ्यावरच मला बरं वाटायचं.

एका रविवारी पडद्यावर सूचना आली की डिस्क भरली आहे. मी म्हटलं, आज याचा निकाल लावतेच. मी नवा रायपूरच्या एका कार्यालयात नोकरी करते. माझ्या टेबलावर कधी कागद साचत नाही, आणि याचा मला भारी गर्व होता.

काम मी उगाच धसमुसळेपणानं केलं नाही, हे मला सांगायलाच हवं, कारण तेच मला आता जास्त टोचतं. काय काढलं तर चालतं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी नीट वाचलं. क्रम कागदावर लिहिला. डॉक्युमेंट्समधलं, डेस्कटॉपवरचं आणि फोटो असं सगळं पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. उतरवलं फक्त, आत काय आहे ते पाहिलं नाही. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. तुमचं काही इकडेतिकडे पडलेलं नाही ना, असं त्यांना दोनदा विचारलं. सगळं जागच्या जागी लावलेलं आहे, म्हणाले. ज्या माणसानं नोकरीभर फायली लावण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याच्या या वाक्यावर मी का विश्वास ठेवू नये?

मग यादी आली. तात्पुरत्या फायली, इंटरनेटवरून साठलेला पसारा, जुन्या अपडेटचे उरलेले तुकडे, रिसायकल बिन. मी सगळ्यांपुढे खुणा केल्या. मशीननं विचारलं, हे कायमचं काढून टाकायचं, नक्की ना? मी हो म्हटलं. कागदावरची शेवटची पायरी डीफ्रॅगची होती, म्हणजे डिस्कवर विखुरलेलं सगळं सलग लावून घ्यायची. ती दुपारभर चालली. त्यानंतर मशीन बंद करून, झाकण उघडून पंख्यावरची काळी भुकटीही ब्रशनं काढली. संध्याकाळी बटण दाबलं तर पहिल्या शिट्टीच्या आत पडदा उजळला. मी इतकी खूश झाले की शिरा केला. बाबांनी दोनदा घेतला.

सोमवारी ऑफिसात बाबांचा फोन आला. ते कधी ऑफिसात फोन करत नाहीत. फायली दिसून नाही राहिल्या, म्हणाले. मी जरा वैतागूनच सांगितलं की डॉक्युमेंट्समध्ये बघा, तिथेच असतील. तिथे नव्हत्याच कधी, म्हणाले. संध्याकाळी मी पर्स खांद्यावर तशीच ठेवून कॉम्प्युटरसमोर बसले, तेव्हा त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीवर, रिसायकल बिनवर, बोट ठेवलं.

"इथं होत्या न. सगळे महिने इथं होते."

मला आधी उमगेना. ते सांगत गेले तसं एकेक उलगडत गेलं. बाबा सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये होते, तीस वर्षांहून जास्त. तिथला रिवाज असा की प्रकरण बंद झालं की फाइल टेबलावर ठेवायची नाही. ती बस्त्यात, म्हणजे कापडी गाठोड्यात, बांधायची आणि खाली रेकॉर्ड रूममध्ये पाठवायची. कोणाला लागली तर चिठ्ठी द्यायची, फाइल वर येते, वाचून झाली की परत खाली जाते. कॉम्प्युटर घेतल्यावर त्यांना दिसलं की यातही तशी सोय आहे. त्या टोपलीत टाकलेलं नजरेआड होतं, पण जात कुठेच नाही. 'रिस्टोर' म्हटलं की जिथून आलं तिथे परत येतं. झालं. आईचं बोलणं ते महिन्याच्या हिशेबानं लिहायचे, आणि महिना संपला की ती फाइल टोपलीत ठेवायचे. ती गेल्यावर सगळेच महिने बंद झाले. वाचायचं असलं की एक महिना वर आणायचा, वाचून झाला की पुन्हा खाली ठेवायचा.

टोपली कचऱ्याची आहे हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण त्यांच्या ऑफिसात रद्दीसुद्धा साहेबाच्या सहीशिवाय कोणी जाळत नसे. आपल्याला विचारल्याशिवाय तिथलं काही नष्ट होईल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि मशीननं विचारलं होतं. त्यांना नाही, मला. सही मीच करून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि कॉम्प्युटर मांडीवर घेऊन ऑटोनं चौकाजवळच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका दुकानात गेले. दुकानदार भला माणूस होता. नुसतं काढलं असतं तर पुष्कळ परत मिळालं असतं, दीदी, पण डीफ्रॅगनं त्याच जागांवर दुसरं लिहून टाकलं, असं त्यानं हिंदीत समजावून सांगितलं. तरी त्यानं दोन दिवस खटपट केली. परत काय आलं? साड्यांच्या जाहिरातींची चित्रं, क्रिकेटच्या बातम्यांचे तुकडे, हवामानाची पानं. जो पसारा काढायला मी बसले होते तो हजारांनी परत आला. आईचा एक महिना आला नाही, एक ओळ आली नाही. मी त्या दुकानात, दोन गिऱ्हाइकांसमोर, चांगली मोठ्यानं रडले.

बाबा एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. उलट मलाच समजावत राहिले की सांगायला पाहिजे होतं, माझंच चुकलं. जेवण कमी झालं. दुपारी खिडकीशी बसायचे, कॉम्प्युटर सुरू करायचे, तो चटकन सुरू व्हायचा आणि त्यांना करायला काही नसायचं. तो चटकन सुरू होणारा पडदा बघितला की मला त्याच्यावर काहीतरी फेकून मारावंसं वाटायचं.

आठवेल तसं पुन्हा लिहा, थोडं थोडं लिहा, असं मी त्यांच्या मागे लागले. ते चार दिवस कोऱ्या पानासमोर बसले. पाचव्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाले, "लिहून ठेवलं होतं न बेटा. म्हणून मग डोक्यात ठेवलंच नाही."

मग त्यांनाच सुचलं. त्यांनी खुर्ची थोडी पुढे ओढली, कीबोर्डवर दोन बोटं ठेवली. "तू सांग. तू तं होतीच न घरात. मी लिहितो."

मी होते घरात. सगळी वर्षं होते. पण गल्लीत हिंदी, शाळेत हिंदी, आणि आईचं 'मले-तुले' मैत्रिणींसमोर ऐकलं की मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. ती मराठीत बोलायची आणि मी हिंदीत उत्तर द्यायचे. पुस्तकं मराठीत वाचायचे, पण तोंडातून मराठी काढायची लाज वाटायची. बाबांशी मराठीत बोलायला लागले तेही ती गेल्यावर, घरात दुसरं कोणी उरलं नाही म्हणून. ती बोलायला लागली की मी उत्तर तयारच ठेवलेलं असायचं, आणि उत्तर तयार असलं की माणूस ऐकत नाही.

मी डोळे मिटून खूप आठवून पाहिलं. तिचा चेहरा आला, ओठ हलताना दिसले, आवाजही आला, पण वाक्य काही आलं नाही. आलं ते सगळं माझंच. खा लिया ना. कुछ नहीं हुआ. अभी नहीं. बाबा बोटं तशीच ठेवून वाट बघत होते. शेवटी मी म्हटलं, मला एवढंच आठवतंय, मी तिला 'बाद में, आई' म्हणायचे.

त्यांनी तेही लिहून घेतलं, एकेक अक्षर शोधत. मग चष्मा वर करून त्यांनी मला विचारलं, "कायचं उत्तर होतं हे? ती काय म्हणत होती?"