हरीभाऊंचा दुसरा गोळा

हरीभाऊ कंडक्टर समोर आलेली कुठलीही वस्तू तिकिटाच्या चिमट्याने वाजवून बघत. पेण-रोहा गाडीत माझी त्यांची ओळख झाली ती अशीच. माझ्या मांडीवर आजोळची तांब्याची कळशी होती. तिकीट द्यायचं सोडून त्यांनी तिच्यावर दोनदा टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "जुनी हाय, बाई. कुणाला मोडीत देऊ नका." मागची माणसं तिकिटासाठी ओरडत होती, पण यांचा कान कळशीतच. "वाजवल्याबिगर वस्तू बोलत नाय," हे त्यांचं पालुपद.

मी रोह्याच्या शाळेत शिकवायला जायची. पुढे कळलं, ते पेणला आमच्याच आळीत दोन घरं सोडून राहतात. घर कसलं, भंगारखानाच तो! गंजलेली कुलपं, फुटक्या समया, होडीचे नांगर. उधाणाने खाडीकाठच्या खारबांधाला खांड पडली की गावची माणसं चिखल टाकून ती बुजवायला धावत. हरीभाऊ धावत ते खांडीतून काय उघडं पडलं ते बघायला. लोकांच्या शिव्या खाऊनही धावत.

वडखळच्या पलीकडे अशाच एका खांडीत त्यांना दोन लांबट, टोकदार लोखंडी गोळे मिळाले. बुडाशी तांब्याचं कडं. हे मराठी आरमाराचे तोफगोळे, असं हरीभाऊंनी जाहीर करून टाकलं.

"अहो, यावर इंग्रजी अक्षरं आहेत," मी म्हटलं.

"मंग? विंग्रजाकडनं हिसकावलेले असतील!"

या माणसाशी वाद घालणं म्हणजे आपलंच डोकं दुखवून घेणं. एक गोळा त्यांनी खाडीकाठच्या गावी बहिणीला, गोदाताईला दिला. दुसरा घरी ठेवला. खंडेनवमीला कोयते, विळे मांडले की मधोमध हा गोळा, झेंडूची माळ घातलेला, समोर निरांजन. चार वर्षं आम्ही त्याला ओवाळलं. मी स्वतः त्याला कुंकू लावलंय आणि शेजारी बसून खीर खाल्लीय. आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

मग एका दुपारी रोह्याच्या अलीकडे हरीभाऊंची गाडी अडली. एका भंगारवाल्याने लोखंड म्हणून काहीतरी घणाने फोडलं होतं. स्फोटात दोन माणसं गेली होती. हरीभाऊ उतरून बघून आले आणि संध्याकाळी थेट माझ्या दारात उभे राहिले. "बाई, रस्त्यात तांब्याचं कडं पडलं व्हतं. माझ्या गोळ्याला हाय तसंच."

त्यांनी स्वतःच पोलिसांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बॉम्बशोधक पथक आलं, आळी रिकामी केली, गोळा वाळूच्या पोत्यांत घालून ओसाड मिठागरात नेला आणि उडवला. पथकाचे साहेब परत येऊन म्हणाले, "महायुद्धातला होता, जिवंत. वरून गंजला तरी आतली दारू मरत नाही, उलट चिडकी होते. असं काही दिसलं तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि आम्हाला सांगायचं. आणखी आहे का एखादा?"

हरीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. गोदाताईच्या दारात मांडव उभा होता. मुलीचं लग्न चार दिवसांवर.

"नाय साहेब. एकच व्हता."

साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मी शेजारीच उभी होते. दुसरा मलाही ठाऊक होता. मी गप्प बसले.

पथक गेल्यावर हरीभाऊ म्हणाले, "मांडवात पोलीस शिरले तर सोयरीक मोडंल, बाई. उद्या सकाळी मीच जातो." मी एकट्याला कशी सोडणार? पहाटेच्या गाडीने दोघं गेलो. गोदाताई हळद कुटत होती.

"तो गोळा? उघाडीचं दार हलत व्हतं, म्हून गावानं दाबाला नेला," ती म्हणाली. उघाडी म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. "काल सांजच्या उधाणात दारासकट गेला बघ वाहून."

काल सांजच्या. पथक काल दुपारपर्यंत पेणमध्येच होतं.

हरीभाऊ तिथूनच चौकीवर गेले आणि खरं सांगितलं. पथकाने आठ दिवस चिखल धुंडाळला, काही मिळालं नाही. पेणमध्ये आणखी कुणाला माहीत होतं, असं विचारल्यावर ते म्हणाले, "कुणालाच नाय." लग्न मात्र झालं, तेही पोलिसांच्या देखत, आणि सोयरीक मोडली नाही.

त्यानंतर त्यांनी कुठलीही वस्तू वाजवली नाही. सुट्टी आली की बांधावर. ओहोटीला खेकडे धरायला उतरणाऱ्या प्रत्येकाला अडवून सांगत, "लोखंड दिसलं तर हात लावू नका, गावात हाका मारा." लोक त्यांना 'बॉम्ब कंडक्टर' म्हणून हसत. हरीभाऊ ऐकून घेत आणि पुढच्याकडे वळत. घरी जेवतानाही मध्येच उठून आज भरती किती वाजता, ते विचारायला माझ्याकडे येत.

त्यांच्या शेवटच्या आजारात मी दवाखान्यात भेटायला गेले होते. श्वास लागत होता, तरी उठून बसले. "बाई, साहेब लिहीत व्हता ना, तवा पेनातली शाई संपली व्हती. दुसरं पेन शोधीत व्हता. लय वेळ व्हता आपल्याकडं."

त्या आजारातून ते उठले नाहीत. इतकी वर्षं त्या खोट्यात मला धरून 'आपल्याकडं' असं ते कधी म्हणाले नव्हते, आणि मीही कुणाला काही सांगितलं नाही. गोळा अजून सापडलेला नाही.