भाग दोनचे वकील

रायपुरात भुतांची बाजू घेऊन जिवंत माणसांशी आमच्या आतोबांइतका भांडलेला माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. गुढियारीच्या बाजूला रेल्वेच्या मालधक्क्यावर त्यांनी जन्म काढला. हमालांवर आणि ट्रकवाल्यांवर ओरडून ओरडून आवाज असा कमावला, की बूढापाऱ्यातल्या घरात ते देवाला 'सुखी ठेव' म्हणाले तरी शेजाऱ्यांना वाटायचं, कोणाला तरी दम भरताहेत. अशा माणसाने निवृत्तीनंतर सकाळी तलावाकाठी फिरावं, दुपारी झोपावं, संध्याकाळी नव्या सरकारला शिव्या द्याव्यात. ते सोडून आतोबांनी एक भुताचा सिनेमा दत्तक घेतला. तोही पहिला भाग नव्हे! पहिला भाग गाजला होता, त्याचं कौतुक करायला अख्खा देश होता. यांनी धरला दुसरा भाग, जो एका शुक्रवारी लागला आणि पुढच्या शुक्रवारी कुठे गेला ते कोणाला कळलंही नाही. त्याचं नाव मी सांगणार नाही. ते नुसतं ऐकलं तरी आमच्या घरातली निम्मी माणसं आजही उठून आत जातात.

आता आतोबांची दुसरी ओळख सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. हा माणूस आयुष्यात कधी पाय पुसून घरात शिरला नाही. धक्क्यावर कधी सिमेंट उतरायचं, कधी कोळसा, कधी खत, आणि त्या दिवशी कोणता माल आला होता हे आतोबांच्या घरातल्या फरशीवरून सांगता यायचं. दारात पायपुसणं होतं, त्याच्या बाजूला आत्याने दुसरं ठेवलं, तरी आतोबा दोन्ही ओलांडून थेट देवघरापर्यंत. मागून आत्या पोछा घेऊन. तिला घरात कण सांडलेला खपायचा नाही. कणीक मळताना परातीबाहेर चिमूटभर पीठ पडलं तरी हातातलं काम टाकून ते आधी पुसणार. "अहो, हे घर आहे का मालधक्का?" असं तिने विचारायचं आणि "धक्क्यावर बी झाडतात, पण येवढं नाही ना बाप्पा!" असं यांनी ओरडायचं. लग्न झाल्यापासून त्या घरात हा एकच संवाद चालू होता. मी लहानपणापासून ऐकत आलो, आणि दोघांपैकी कोणालाही तो संपवायची घाई नव्हती.

मग शालूआत्या गेली. रायपूर राजधानी होऊन थोडीच वर्षं झाली होती, रस्ते खणून ठेवलेले होते, घरोघर धूळ येत होती, आणि त्या धुळीशी भांडायला आत्या नव्हती. आमच्याकडे अशी रीत आहे की दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी, माणूस जिथे गेलं तिथे पीठ चाळून पसरायचं, शेजारी दिवा लावायचा आणि वर टोपली झाकायची. सकाळी टोपली उचलून पाहायचं. गेलेलं माणूस येऊन गेलं असेल तर पिठावर काहीतरी उमटतं. कोणाला पाऊल दिसतं, कोणाला पाखराची नखं, कोणाला नुसती रेघ. दिसतंच काही ना काही. पाहणाऱ्यांना पाहायचं असतं ना! आत्याच्या वेळी टोपली उचलली तर पीठ होतं तसं. सपाट. आत्याची मोठी जाऊ, जिला आम्ही सगळे मोठ्या बाई म्हणतो, वाकून वाकून पाहत राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "काहीच नाही उमटलं व माय. शालू फिरकलीच नाही. मन नसन या घरात." बस्स, एवढंच. बाई मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. ज्या माणसाने आयुष्यात कोणाचं काही ऐकून घेतलं नव्हतं, त्या आतोबांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. त्यानंतर वर्षभर ते घरात आले की दारात थांबायचे, मागे पाहायचे, आणि पाय न पुसताच आत यायचे.

असा वर्षभर गप्प असलेला माणूस मी एका रविवारी ओढून मॅटिनीला नेला. का, तर बाहेर ऊन होतं आणि टॉकीजमध्ये कूलर होता. सिनेमा कोणता याच्याशी दोघांनाही घेणंदेणं नव्हतं. पहिल्या भागात एका घरातली सून मरते आणि मग मान उलटी फिरवून सगळ्यांचे गळे धरत सुटते. दुसऱ्या भागात ती परत येते, पण कोणाचा गळा धरत नाही. नुसती घरात वावरते. दूध उतू जायला लागलं की गॅस बंद करते. घरचे घाबरून मांत्रिकाला बोलावतात, आणि तो तिची पावलं पकडायला घरभर पीठ पसरतो. सगळे दाराआडून पाहताहेत. ती येते. उंबऱ्यावर थांबते. त्या पिठाकडे बघते. मग कोपऱ्यातला झाडू घेते, सगळं पीठ नीट झाडून सुपात भरते, सूप ओट्यावर ठेवते आणि निघून जाते. मागे एक ठसा नाही.

टॉकीज हसलं. अहो, गडगडून हसलं! मागून कोणीतरी ओरडलं, "ए भूतनी, मेरे घर भी आ जा, बाई छुट्टी पर है!" आणि माझ्या शेजारचे आतोबा उभे राहिले. पडद्यावर त्यांच्या डोक्याची सावली पडली. मालधक्क्यावरचा तो आवाज वर्षभरानंतर पहिल्यांदा निघाला, "काहून हसून राहिले बे? काहून हसून राहिले? घरात कोणी मेलं नाही का तुमच्या?" आधी लोक आणखी हसले, मग डोअरकीपर टॉर्च घेऊन आला. आतोबा बाहेर गेले नाहीत. उभे राहूनच उरलेला सिनेमा पाहिला.

त्या दिवसापासून भाग दोनला वकील मिळाला. सिनेमा उतरेपर्यंत आतोबा रोज टॉकीजबाहेर सायकल-स्टँडपाशी उभे राहायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाला धरून त्याचं मत विचारायचे. मत चुकीचं निघालं की तिथेच सुनावणी. एकजण म्हणाला, "डर ही नहीं लगा अंकल, भूतनी झाड़ू लगा रही है, बताओ!" आतोबा म्हणाले, "तो क्या उसके घर में तू आएगा झाड़ू लगाने?" तो बिचारा स्कूटर तिथेच विसरून पायी गेला. दुसरा म्हणाला, पहिल्या भागाची सर नाही. त्याला आतोबांनी समजावलं, की गळा काय कोणीही धरतं, त्यात काय अक्कल लागते? मेल्यावर दुधाकडे लक्ष ठेवणं अवघड. चौकातला पानठेलेवाला तेवढा एक रसिक निघाला. आतोबा काहीही बोलले की तो कात लावता लावता "हव", म्हणजे हो, म्हणायचा. आतोबांनी चारचौघांत त्याची तारीफ केली, की अख्ख्या राजधानीत सिनेमा समजणारा हा एकच छत्तीसगढी माणूस. मग एकदा समोरच्या बाजूने कोणी म्हणालं, "फालतू पिक्चर था," आणि पानठेलेवाला त्यालाही तितक्याच मनापासून "हव" म्हणाला. आतोबांनी त्याच्याकडचं पान कायमचं सोडलं.

मलाही संताप यायचा, खोटं कशाला बोलू. कुठे घेऊन जायची सोय राहिली नव्हती. चुलत बहिणीला पाहायला नागपूरचा मुलगा आला. इंजिनिअर, पगार चांगला, माणसं सालस. पोहे खाऊन झाले आणि आतोबांनी त्याला विचारलं, "पिक्चर पाहता काय? भाग दोन पाहिला काय?" मुलगा हसून म्हणाला, "हो, बोअर होता." आतोबांनी मुलीच्या बापाकडे वळून सगळ्यांसमोर निकाल दिला, "या पोट्ट्याले पोरगी देऊ नका. उद्या ती गेली तर हा म्हणन, बोअर होती." देवाची कृपा, की त्या माणसांनी ते हसण्यावारी नेलं. लग्न झालं, संसार छान चालला आहे, पण तो जावई आजही आमच्याकडे आला की सिनेमाचा विषय निघाल्याबरोबर पाणी प्यायला उठतो.

त्यातच कोणीतरी त्यांना सांगितलं की कॉम्प्युटरवर जगभरचे लोक सिनेमावर मतं लिहितात. झालं! मला घेऊन सायबर कॅफेत. मी वाचून दाखवायचो आणि ते पडद्याला उत्तर द्यायचे. 'भूत घाबरवत नाही.' — "तू काय लहान पोट्टा आहेस काय, तुले घाबरवत बसायले?" 'शेवटी काहीच होत नाही.' — "अबे, घर साफ झालं ना!" कॅफेवाला म्हणाला, "अंकल, धीरे बोलिए, ये सुनता नहीं है." आतोबा म्हणाले, "इथे ऐकतं कोण आहे?" त्यांना अख्खं जग नको होतं, हे मला कळत होतं. एक माणूस हवा होता, ज्याने ते पीठ पाहून म्हणावं की हो, ती आली होती. आणि ज्यांनी ते म्हणायला पाहिजे होतं, त्या मोठ्या बाई शेजारच्याच गल्लीत लसूण सोलत बसलेल्या होत्या.

गणपतीत आतोबांनी गल्लीच्या मंडळाला सांगितलं, यंदा पडद्यावर भाग दोन दाखवायचा, सीडी मी आणतो. मंडळ खवळलं. "बाप्पासमोर भूत?" आतोबा म्हणाले, "बाप्पाच्या बापाच्या वरातीत कोण होतं? बँडवाले?" मंडळाला एक रविवार द्यावा लागला. रविवारी दुपारी मंडपाच्या कनाती सोडून अंधार केला, पांढरी चादर ताणली आणि सिनेमा लागला. पुढे सतरंजीवर बायका, त्यांत मोठ्या बाई, मांडीवर प्रसादाचं ताट. आतोबा अगदी मागे, खांबाला धरून उभे. सिनेमा त्यांनी पाहिलाच नाही. ते त्या एका पाठमोऱ्या अंबाड्याकडे पाहत होते.

पीठ पसरलं. ती आली. झाडू उचलला. आणि जे व्हायचं तेच झालं, मागची पोरं फिदीफिदी हसली. आतोबांनी छाती भरून श्वास घेतला. मी डोळे मिटून घेतले. पण आवाज आला तो पुढून, सतरंजीवरून, "हसून काय राहिले रे मेल्यांनो? तिच्या घरात येवढं पीठ सांडून ठेवलं, तर ती झाडणार नाही तं काय नाचन?" मोठ्या बाईंचा हात ताटावर तसाच राहिला होता. मग त्या सावकाश मागे वळल्या, अंधारात खांब शोधला आणि म्हणाल्या, "भाऊजी... शालूनं बी असंच केलं असन हो. तिले कुठं बघवत होतं सांडलेलं!"

मला वाटलं, आतोबा आता विजयाचं भाषण करतील. आतोबा चिडले. असे चिडले, की आवाज फाटला. "मंग हे तेव्हाच नाही सांगता आलं काय, वहिनी? वर्ष घालवलं ना माझं! वर्ष!" आणि खांबाला टेकून खाली बसले. मोठ्या बाई उठल्या, ताट घेऊन त्यांच्यापर्यंत गेल्या, त्यांच्या हातावर मोदक ठेवला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं. खा." त्यांनी खाल्ला. रडत रडत, पण खाल्ला.

त्यानंतर भाग दोनबद्दल ते कोणाशी भांडले नाहीत. लोक मुद्दाम डिवचायचे, "आतोबा, तो पिक्चर काय भंगार होता ना!" तर ते म्हणायचे, "असन बाप्पा, ज्याची त्याची आवड." रायपुरात मॉल आले, गुबगुबीत खुर्च्यांची थेटरं आली, जुनं टॉकीज पाडलं. पाय पुसायची सवय त्यांना तेवढ्या वर्षांत लागली नाही ती नाहीच. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "पुसले तं तिले काम काय उरन?"

गेल्या महिन्यात आतोबा गेले. दहाव्याच्या सकाळी मोठ्या बाईंना दोघांनी धरून आणलं. आता त्यांना दिसतं कमी. मी टोपली उचलली. पीठ होतं तसं. सपाट, स्वच्छ, एक रेघ नाही. सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. "काय दिसते रे?" मोठ्या बाईंनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही उमटलं." त्यांनी हाताने चाचपत जमीन पाहिली, पिठाच्या कडेची फरशी पाहिली, बोटं डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. धुळीचा कण नव्हता.

"तो तं आलाच असन," त्या म्हणाल्या, "पाय न पुसता. मागून ती होती ना."